सोमवारचा दमा
कापसाची धूळ आणि तिच्या पुराव्याचा इतिहास

गेंट हे बेल्जियममधले सूतगिरण्यांचे शहर. तिथल्या कामगारांच्या प्रकृतीचा अभ्यास करणाऱ्या मारेस्का आणि हेमन या दोन डॉक्टरांनी १८४५ साली एक बारीकशी नोंद करून ठेवली आहे. कामगार त्यांना सांगत होते की, कापसाच्या धुळीचा त्रास आठवड्याच्या शेवटी फारसा वाटत नाही; तो होतो सोमवारी आणि मंगळवारी. असे का व्हावे, हे डॉक्टरांनी मालकांना विचारले. मालकांचे उत्तर तयार होते: रविवारी ही माणसे पितात, चैन करतात, म्हणून सोमवारी त्यांना बरे वाटत नाही. कामगारांचे म्हणणे वेगळे होते. एक दिवस काम थांबले की धुळीची सवय थोडी मोडते, आणि पुन्हा खात्यात पाऊल टाकले की छातीला ती नव्याने जाणवते.

ही नोंद वाचल्यापासून मला असे वाटत आले आहे की, कामाच्या जागेमुळे होणाऱ्या रोगांचा पुढचा सगळा वाद या दोन उत्तरांत सामावलेला आहे. तक्रार तीच, वार तोच; पण एकाच्या मते दोष कामगाराच्या वागण्याचा आणि दुसऱ्याच्या मते खात्यातल्या हवेचा. यातले खरे कोणते हे ठरवण्यासाठी वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली. शेवटी खरे ठरले ते कामगारांचेच म्हणणे. अर्थात ‘सवय मोडते’ हे त्यांनी दिलेले कारण शरीरशास्त्राच्या भाषेत मांडायला आणखी बराच काळ गेला.

या विषयाची सुरुवात बहुतेक जण बर्नार्दिनो रामाझिनीपासून करतात, आणि ते योग्यच आहे. इटलीतल्या मोदेना शहरातल्या या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला काय काय विचारावे याची जी यादी हिपोक्रेटिसपासून चालत आली होती, तिच्यात त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? अंबाडी आणि जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांबद्दलही त्याने लिहिले आहे. त्यातून उडणारी धूळ तोंडावाटे छातीत जाते, खोकला लागतो आणि पुढे दमा जडतो, असे त्याचे निरीक्षण होते. पण रामाझिनी एकेका रोग्याकडे पाहत होता. त्याला मोजणी करायची नव्हती, आणि करायची असती तरी मोजायला हजारो माणसे एका छपराखाली त्याच्या काळात नव्हती. ती गिरण्यांमुळे आली.

इथे गिरणीच्या आत थोडे डोकावले पाहिजे. दाबून बांधलेली कापसाची गठडी फोडली की आधी ब्लो रूममध्ये कापूस मोकळा होतो आणि मग कार्डिंग खात्यात जातो. तिथे बारीक तारांचे दाते असलेले मोठमोठे रूळ तो विंचरतात आणि त्याचा पेळू बाहेर पडतो. पानांचे चुरलेले तुकडे, बोंडाची टरफले, माती, तुटके तंतू, सगळे याच दोन खात्यांत सुटे होऊन हवेत मिसळते. दात्यांत अडकलेला कचरा दिवसातून अनेकदा काढावा लागे आणि दाते घासून त्यांना धारही लावावी लागे. ही कामे करणारे पुरुष धुळीच्या अगदी तोंडाशी असत. साच्यांपर्यंत सूत पोचेतो बरीचशी धूळ मागे राहिलेली असते. एकाच गिरणीत, एकाच पगाराच्या आसपासची, एकाच वस्तीत राहणारी माणसे. पण खात्यागणिक हवा वेगळी. ही रचना पुढे संशोधकांच्या फार कामी आली.

१८३१ साली मँचेस्टरच्या जेम्स फिलिप्स के या तरुण डॉक्टरने सूत कातणाऱ्यांच्या छातीच्या विकारावर लेख लिहिला. गरिबांच्या दवाखान्यात रोगी पाहताना त्याला हा विकार क्षयासारखा भासला, तरी क्षयाहून तो वेगळा वाटत होता. नंतर १८६३ साली ‘लॅन्सेट’मध्ये जेसी लीच या लँकेशायरच्या डॉक्टरचा लेख आला. त्याच्या शीर्षकापाशी मराठी वाचकाने थांबायलाच हवे, कारण त्यात ‘सुरत कापूस’ आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि तिथला लांब धाग्याचा स्वच्छ कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला होता. गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर आल्या. ‘सुरत’ हे व्यापारातले नाव. प्रत्यक्षात पश्चिम हिंदुस्थानातून मुंबई बंदरातून जाणारा बहुतेक कापूस याच नावाने ओळखला जाई, आणि त्यात खानदेशाचा आणि वऱ्हाडाचा मालही आला. मुंबईत या तेजीने सोन्याचा धूर निघाला. प्रेमचंद रायचंदांची श्रीमंती, शेअर बाजाराचे वेड आणि १८६५ चे दिवाळे आपण इतिहासात वाचतो. पण हाच कापूस तिकडे ज्या खात्यात फुटत होता तिथे काय चालले होते ते आपल्या इतिहासात येत नाही. हा माल आखूड धाग्याचा, पाने, माती आणि कचरा मिसळलेला. लीचने नोंदवले ते हेच, की या कापसाने कामगारांचा खोकला, घशाची आग आणि श्वासाचा त्रास वाढला. लँकेशायरमध्ये एक किस्सा सांगतात. प्रार्थनेत कोणी म्हणाला, देवा, आम्हाला कापूस धाड; तेव्हा मागून दुसऱ्याने पुस्ती जोडली, पण सुरत नको. किस्सा खरा असो नसो, त्या मालाबद्दलचा त्यांचा राग खरा होता.

लीचला कळले नसेल, पण तो एक नैसर्गिक प्रयोगच पाहत होता. माणसे तीच, यंत्रे तीच, बदलला तो फक्त कापूस. आणि त्याबरोबर छातीही बदलली.

रोगाला नाव मिळाले ते फ्रान्समध्ये. आद्रियाँ प्रुस्त यांच्या १८७७ च्या आरोग्यशास्त्रावरील ग्रंथाने ‘बिसिनोसिस’ हा शब्द रूढ केला. ‘बिसोस’ म्हणजे ग्रीक भाषेत तलम तागाचे कापड. हे प्रुस्त म्हणजे कादंबरीकार मार्सेल प्रुस्त यांचे वडील. मुलाला आयुष्यभर दम्याने छळले, हा योगायोग कुणालाही चटका लावणारा. पण त्यातून अर्थ काढण्याच्या भानगडीत पडू नये.

नाव मिळाले म्हणजे पुरावा मिळाला असे नाही. या रोगाची खरी अडचण वेगळीच होती. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसावर ज्या गाठी येतात त्या क्ष-किरणात दिसतात. कापसाच्या धुळीची अशी कोणतीही खास खूण क्ष-किरणात उमटत नाही. शवविच्छेदन केले तरी, हे फुप्फुस कापसाने बिघडले की विड्यांनी, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे उरते काय? कामगाराचे तोंडी सांगणे: सोमवारी छाती आवळते. न्यायालयात आणि भरपाईच्या कचेरीत या वाक्याचे वजन किती, हे वेगळे सांगायला नको.

मग उपाय एकच: एकाचे सांगणे पुरेसे नसेल तर शेकडोंना तोच प्रश्न विचारायचा आणि उत्तरे खात्यावार मांडायची. ब्रिटनच्या कारखाना खात्यातले वैद्यकीय निरीक्षक एडगर कॉलिस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्डिंगमधल्या पुरुषांना तपासले आणि दम्यासारखा त्रास त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणात आढळला. त्यांनाही सोमवार भेटला. पुढे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आले. पहिल्या महायुद्धात क्षय झाल्याने या माणसाचे डॉक्टर होणे राहून गेले आणि तो संख्याशास्त्राकडे वळला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधासाठी जग त्यांना ओळखते. पण त्याच्या वीस वर्षे आधी, १९३० साली, त्यांनी लँकेशायरच्या सूतगिरण्यांतल्या आजारपणावर अहवाल लिहिला होता. कार्डिंगमधल्या कामगारांची तुलना त्यांनी गिरण्यांतल्याच इतर खात्यांतल्या कामगारांशी केली. गरिबी, धुके, दारू, कोंदट घरे ही सगळी कारणे दोघांना सारखीच लागू. तरी श्वसनाच्या विकाराने रजा घेण्याचे प्रमाण कार्डिंगमध्ये जास्त. मालकांच्या ‘रविवारच्या चैनी’ला मिळालेले हे पहिले भरभक्कम उत्तर, असे मी समजतो. साच्यावरचा माणूसही रविवारी पीतच असणार की!

गृहखात्याने कार्डिंगच्या धुळीवर नेमलेल्या समितीचा अहवाल १९३२ साली आला. भरपाईचा कायदा झाला १९४० साली, आणि योजना पुढल्या वर्षी सुरू झाली. तिच्या अटी पाहण्यासारख्या आहेत: धुळीच्या खात्यात किमान २० वर्षे नोकरी हवी, अर्जदार कायमचा आणि पूर्ण निकामी झालेला हवा, आणि तो पुरुष हवा. त्याच खात्यात यंत्रे सांभाळणाऱ्या बायका होत्या. त्या श्वास घेत होत्या ती हवा काही निराळी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर मँचेस्टर विद्यापीठात रिचर्ड शिलिंग हा डॉक्टर आला, तेव्हा हा रोग आता संपत आला असा समज होता. शिलिंग गिरण्यांत गेला आणि त्याने विचारायला सुरुवात केली. त्याचे श्रेय असे की, कामगाराच्या वाक्याला त्याने मोजमापाचे रूप दिले. छाती सोमवारी कधीमधी आवळते, दर सोमवारी आवळते, सोमवारनंतर इतर दिवशीही आवळते, आणि दम कायमचा गेला, अशा पायऱ्या त्याने पाडल्या. जगभर आजही त्या त्याच्या नावाने वापरल्या जातात. मग १९५८ मध्ये मॅकेरो आणि सहकाऱ्यांनी फुंकर मोजण्याच्या यंत्राने कामगारांचा श्वास पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासला. धुळीच्या खात्यात दिवस भरला की फुंकर कमी होत होती. कामगार ११३ वर्षे जे सांगत होते ते आता आकड्यात उतरले.

एवढे झाल्यावर वाद मिटायला हवा होता. पण अमेरिकेत तो तेव्हा सुरूही झाला नव्हता. आमच्याकडे हा रोगच नाही, असे तिथल्या गिरणीमालकांचे म्हणणे होते, आणि संशोधकांना गिरण्यांची दारे उघडत नव्हती. येल विद्यापीठातले आरेंड बुहाउस हे डच डॉक्टर अखेर अटलांटाच्या तुरुंगात गेले. त्या संघीय तुरुंगाची स्वतःची सूतगिरणी होती आणि कामगार म्हणजे कैदी. तिथला अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध झाला. लेखकांत शिलिंगही होते. मोकळ्या माणसाच्या छातीपर्यंत पोचता येईना म्हणून विज्ञानाला बंदिवानाच्या छातीवरून पुरावा घ्यावा लागला. १९६९ साली गिरणी उद्योगाच्या एका अमेरिकी नियतकालिकाने तर, बिसिनोसिस ही विकाऊ डॉक्टरांनी काढलेली टूम आहे, असे छापले. पुढे तिथल्या आजारी कामगारांनी संघटना बांधल्या. १९७८ साली सूत कातण्याच्या खात्यांसाठी दर घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम धूळ ही मर्यादा ठरली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ साली हरले.

धुळीतला नेमका कोणता घटक त्रास देतो हे तोवरही ठरले नव्हते. आज बोट दाखवले जाते ते कापसाच्या पानाबोंडावर वाढणाऱ्या जिवाणूंच्या आवरणातल्या विषाकडे. १९८७ च्या एका प्रयोगात असे दिसले की, श्वास कमी होण्याचा संबंध धुळीच्या वजनापेक्षा या विषाच्या प्रमाणाशी अधिक आहे. पण मर्यादा त्याआधीच ठरली होती. हिल यांनी १९६५ साली व्यवसायजन्य आरोग्याच्या नव्या विभागापुढे अध्यक्ष म्हणून जे भाषण केले, त्याचा रोख हाच होता: संबंध कार्यकारणाचा आहे असे कधी म्हणावे याच्या ९ कसोट्या त्यांनी दिल्या, आणि ज्ञान अपुरे आहे ही सबब सांगून कृती पुढे ढकलता येत नाही हेही बजावले. या कसोट्या आज वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. ते भाषण कारखान्यातल्या रोगांच्या डॉक्टरांपुढचे होते, हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही.

आता मुंबई. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि शतक संपेतो परळ-लालबाग-भायखळा हा सगळा पट्टा भोंग्यावर जागा होऊ लागला. कापूस तोच, ज्याच्या नावाने लँकेशायर बोटे मोडत होते. मग इथल्या छातीचे काय?

इथे मला सोमवारचाच प्रश्न पुन्हा उभा करावासा वाटतो. सोमवारी छाती आवळते हे कळण्यासाठी आधी रविवार लागतो. मुंबईच्या गिरण्यांत तो नव्हता. १८८१ च्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या त्या मुलांना, मोठ्यांना नाहीत. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन केले, त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. कामावर अपघात होऊन निकामी झालेल्याची सोय व्हावी, हीही मागणी त्यात होती. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार कबूल केला, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी सर्वांना लागू झाली. त्याआधीची ३४ वर्षे या शहरातल्या कार्डिंगवाल्याला गेंटच्या कामगारासारखे ‘सोमवारी जास्त होते’ असे म्हणण्याची सोयच नव्हती. लोखंड्यांच्या चळवळीकडे आपण विश्रांतीचा हक्क म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण त्या सुट्टीबरोबर रोग ओळखण्याचे एक साधनही कामगारांच्या हाती आले होते. ते वापरणारा डॉक्टर मात्र दशकानुदशके भेटला नाही.

याची कारणे अनेक. गिरणगावात खोकला म्हटला की क्षय, हे समीकरण पक्के होते. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांत क्षय होताही. त्यामुळे त्याच्या आड दुसरा रोग सहज लपे. बदली कामगाराला तर सलग आठवडाच नसे. आज काम मिळाले, उद्या नाही, मग त्याचा ‘सोमवार’ कोणता धरायचा? आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गाव. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची ही माणसे दम पुरेनासा झाला की मुंबईत थांबत नसत. पाहणी करणारा डॉक्टर गिरणीत आला तर त्याला दिसणार ते अजून उभे राहू शकणारे. विल्यम ओगल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १८८५ सालीच हे हेरले होते: अवजड धंद्यांतले मृत्यूचे प्रमाण कमी दिसते ते धंदा निरोगी म्हणून नव्हे, अशक्त माणूस त्यात शिरत नाही आणि आजारी पडलेला बाहेर पडतो, म्हणून. लँकेशायरचा आजारी कामगार निदान त्याच गावात राहत असे. मुंबईचा कामगार बोटीत किंवा एसटीत बसून पाहणीच्याच बाहेर निघून जाई. कोकणातल्या पडवीत बसून धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याची नोंद कोणत्या खात्यात व्हायची?

गिरणगावाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. भोंगा, चाळ, खाणावळ, शाहिरी, संप हे सगळे आपल्या साहित्यात आहे. कार्डिंगमधली छाती माझ्या वाचनात क्वचितच आली. कामगारांनी तिच्यावर घरचा इलाज शोधला होता तो गुळाचा खडा: धूळ घशाखाली उतरते, छातीत राहत नाही, असा समज. हसण्यावारी नेऊ नये. लखनौच्या विषविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून, गुळाने फुप्फुसातले कण बाहेर पडायला मदत होते का, हे तपासले आणि १९९४ साली अनुकूल निष्कर्ष छापले. उंदरावरून माणसाची खात्री देता येत नाही, आणि गुळाने खात्यातली धूळ कमी होत नाही, हे खरेच.

परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी सूतगिरणी कामगारांचा सलग ५ वर्षे पाठपुरावा करून केलेला अभ्यास १९८१ साली अमेरिकेतल्या श्वसनविकारांच्या नियतकालिकात आला. बिसिनोसिस आणि सामान्य दीर्घकालीन श्वासनलिकाविकार यांतला फरक कसा ओळखावा, हा त्याचा विषय होता. नेमका तोच मुद्दा, ज्याच्यावर भरपाई अडते. हा माणूस कापसाने आजारी की विडीने, याचे उत्तर एका दिवसाच्या तपासणीत मिळत नाही. त्याच माणसाला पुन्हा पुन्हा भेटावे लागते. गिरण्यांच्या मधोमध असलेल्या रुग्णालयाने हे करून दाखवले, ही मला मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातली मोठी घटना वाटते.

पुढल्याच जानेवारीत, १८ जानेवारी १९८२ रोजी, सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. अभ्यासाला माणसे हवीत आणि माणसे गिरणीबाहेर फेकली गेली होती. उरलेल्या गिरण्यांपैकी एकीत मुरलीधर, कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. तिचा लेख १९९५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त छापून आला. मुंबईत पहिली गिरणी सुरू झाली त्याला तेव्हा १३९ वर्षे झाली होती.

कायद्याच्या पुस्तकात बिसिनोसिस आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो कळवण्याजोगा रोग होता आणि कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो भरपाईयोग्य रोग होता. तिथे तो ‘क’ भागात येई, म्हणजे त्या धंद्यात ठरावीक काळ सलग नोकरी केल्याचे दाखवावे लागे. हे दाखवायचे हजेरीपटावरून. ज्या गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि मनोरे उभे आहेत, त्यांच्या कार्डिंग खात्याचे हजेरीपट कुठे आहेत, हे विचारायला गेलेल्या कामगाराच्या हातात बहुधा जुना तिकीट नंबर तेवढा असतो.